पासावरची नावं

आमच्या खोलीला दोन दारं होती. एक रुळांकडे उघडायचं, दुसरं रस्त्याकडे, आणि कुठल्याही दारात उभं राहिलं तरी कुणीतरी कुठेतरी निघालेलं दिसायचं. आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत फाटकवाले होते. चिंचवड स्टेशन सोडून मुंबईच्या बाजूला थोडं गेलं की रावेतचा रस्ता रूळ ओलांडत असे. तिथलं फाटक दिवसभर आबांकडे असायचं. रात्रपाळीला आकुर्डीचा एक माणूस यायचा. फाटकाला लागून रेल्वेनं बांधून दिलेली दगडी खोली, तेच आमचं घर. रस्त्यानं रावेत-पुनावळ्याच्या बैलगाड्या भाजी आणि कडबा घेऊन यायच्या, फाटक लागलेलं असलं की ओळीनं उभ्या राहायच्या आणि गाडीवान खाली उतरून आबांकडे तंबाखू मागायचे. रुळांवरून मुंबईच्या गाड्या जायच्या. त्या विजेवर चालत, त्यामुळे धूर नसायचा, पण गाडी दिसायच्या कितीतरी आधी मांडणीवरची भांडी वाजायला लागायची. आधी वाट्या, मग ताटल्या, आणि मेल असली तर पिठाचा पितळी डबासुद्धा. आई चुलीपुढे बसल्याबसल्या त्या आवाजावरून सांगायची, ही मालगाडी, ही पॅसेंजर. दूध तापत असलं तर पातेल्यावरचं झाकण हातानं दाबून धरायची आणि गाडी गेली की हात काढून घ्यायची. मान वर करून ती कधी बघायची नाही. मी दर खेपेला हातातलं काम टाकून दारात पळायची. खिडक्यांत बसलेली माणसं माझ्याकडे बघायची, कुणी संत्र्याची साल फेकायचं, आणि शेवटचा डबा गेला की रूळ पुन्हा मोकळे. मग त्या मोकळ्या रुळांकडे बघून मला इतकं चिडल्यासारखं व्हायचं की आईनं हाक मारली तरी ओ द्यावीशी वाटायची नाही.

मी सोळा वर्षांची होते. सातवी पास होऊन घरी बसले होते आणि माझं लग्न चाकणला ठरलं होतं. मुलाच्या घरी शेती होती आणि बाजारात कांद्या-बटाट्याची आडत. मुलगा मला नावडला नव्हता. कांदेपोह्यांची बशी हातात धरून तो इतका घामाघूम झाला होता की मला त्याची दयाच आली. पण परत जाताना त्याच्या मामानं सहज सांगितलं, की आमच्याकडे रेल्वे नाही, सगळं एस.टी.नं, आणि मी रुळांकडच्या दारात जाऊन उभी राहिले. तोपर्यंत मी कुठेच गेले नव्हते. पुण्याला दोनदा, देहूला एकदा. जन्मापासून मुंबईची गाडी नाकासमोरून जाताना पाहिली, आणि आता जिथे जायचं तिथे ती ऐकूसुद्धा येणार नव्हती. आज चाकणला माझ्या घरापुढून कंटेनर अहोरात्र जातात, कारखान्यांचे भोंगे वाजतात, नातू हिंजवडीला जायला पहाटे निघतो आणि कंटाळून परत येतो. त्याला शांतता हवी असते. मला त्या वयात शांततेचीच धास्ती होती.

अशात लेलेबाईंनी पासाची गोष्ट काढली. बाई रावेतच्या शाळेवर शिकवायच्या, रोज चिंचवडहून चालत यायच्या आणि फाटक बंद असलं की आमच्या ओट्यावर टेकायच्या. मूळच्या मुंबईच्या. नवरा पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला म्हणून इकडे आल्या होत्या आणि समुद्राची आठवण काढून दर दोन दिवसांनी उसासा टाकायच्या. त्याच म्हणाल्या, की रेल्वेच्या माणसाला वर्षातून एकदा फुकट पास मिळतो. बायको, न कमावती मुलं, बिनलग्नाच्या मुली, सगळ्यांना. थेट दिल्लीपर्यंत जाता येतं आणि वाटेत उतरताही येतं. मी ऐकतच राहिले. बिनलग्नाच्या मुली हे शब्द माझ्या डोक्यात घुमायला लागले, कारण मी दोन-अडीच महिनेच तशी राहणार होते.

त्याच दिवशी मी आबांना विचारलं. ते कंदिलाची काच पुसत होते. बगू, म्हणाले. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा म्हणाले, बदली माणूस मिळत न्हाई. तिसऱ्या दिवशी विचारलं तर हिरवं निशाण घेऊन बाहेर जाऊन उभे राहिले. गाडीला अजून बराच वेळ होता. आबा तापट नव्हते, कंजूषही नव्हते. बाजारातून येताना माझ्यासाठी बांगड्या आणायचे. पण हा पास त्यांनी एवढ्या नोकरीत एकदाही घेतला नव्हता, आणि का घेतला नाही हे त्यांना विचारलं की त्यांचा चेहरा फाटकासारखा बंद व्हायचा.

मी विचारायचं थांबवलं आणि सरळ तयारीला लागले. लेलेबाईंकडून रेल्वेचं जुनं वेळापत्रक आणि शाळेतला नकाशा आणला. मुंबई, आग्रा, दिल्ली आणि परत, असा बेत मी आखला, मोडला, पुन्हा आखला. मुंबईत बाईंच्या बहिणीकडे, गिरगावात, अंथरूण टाकायला जागा मिळणार होती. ट्रामनं फिरायचं. राणीचा बाग, चौपाटी, काचेआडचे मासे, गेटवे. दिल्लीला धर्मशाळेत उतरायचं. खर्च वाचवायचा तर खाणं घरचं हवं, म्हणून मी आईला प्रवासात टिकेल असं काय करता येईल ते विचारलं. मला वाटलं होतं ती हसेल. तिनं त्याच दुपारी दुधात भिजवून दशम्या केल्या, चार फडक्यात गुंडाळून शिंक्यात ठेवल्या आणि रोज एक काढून मोडून बघायला लागली. तिसऱ्या दिवशी चांगली होती. चौथ्या दिवशी जरा चिवट. पाचव्या दिवशीची आबांनी चटणीबरोबर खाल्ली आणि काही झालं नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, गुळपापडी, फिरकीचा तांब्या, सगळं तिनं मनात मांडून ठेवलं. एकदा मी वेळापत्रक चाळत बसले होते तेव्हा ती हळूच विचारती झाली, की समुद्राचं पाणी खरंच सारखं हलत असतं का. तिच्याही मनात काहीतरी सळसळतं आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

शेवटी आबांना तीच बोलली. मी बाहेर गोवऱ्या थापत होते, मला आत नीट ऐकू येत होतं. ती म्हणाली, पोर एकदा चाकणला गेली की तिच्यावर आपला काय जोर. आणि मी या गाड्यांचा आवाज ऐकत म्हातारी व्हायची, पर एकदाबी मुंबईच्या गाडीत बसायची न्हाई का? आबा उठल्याचं ऐकू आलं. मग बाहेर आले, टोपी घातली आणि स्टेशनमास्तरांकडून अर्ज लिहून घ्यायला गेले. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. मला आनंदानं काय करू नि काय नको झालं होतं, त्यामुळे त्या न बघण्याचं मला काहीच वाटलं नाही.

पास आला त्या सकाळी आबा गाडी सोडून नुकतेच आत आले होते. स्टेशनवरच्या हमालानं पाकीट आणून दिलं. पास इंग्रजीत होता. मला अक्षरं लागत होती पण शब्द जुळत नव्हते, आणि तेवढ्यात लेलेबाई ओट्यावर आल्या, तेव्हा मी तो त्यांच्या हातात दिला. आई भाकरीचं पीठ मळत होती. बाई मोठ्यानं वाचायला लागल्या. आबांचं नाव वाचलं. मग पत्नी. मग म्हणाल्या, "मुलगा एक, गणपत, वय वीस." आणि कागद उलटून बघत म्हणाल्या, "वच्छी, तुझं नाव दिसत नाही गं यात. आणि हा गणपत कोण?"

आईचे हात परातीत तसेच राहिले. मग ती उठली, हात न धुता बाईंजवळ आली आणि म्हणाली, "कुटं लिवलंय? दावा मला." बाईंनी बोट ठेवून दाखवलं. आईला वाचता येत नव्हतं. तिनं आपलं पिठाचं बोट त्या नावावर ठेवलं आणि किती तरी वेळ उचललं नाही. बाई समजदार होत्या. शाळेला उशीर होतो म्हणाल्या आणि निघून गेल्या.

माझ्या आधी एक मुलगा झाला होता आणि तो गेला, एवढंच मला माहीत होतं. त्याचं नाव मी त्या सकाळी पहिल्यांदा ऐकलं. बाकीचं आबांनी सांगितलं, उंबऱ्यावर बसून, आमच्याकडे पाठ करून. रेल्वेत लागले तेव्हा गणपत तान्हा होता. हापिसात कुटुंबाची नावं विचारली तेव्हा त्याचं लिहून दिलं. तो पाचाचा होत आला तेव्हा आई माझ्या बाळंतपणाला त्याला घेऊन माहेरी, माणदेशात गेली. मी झाले त्याच आठवड्यात गावात देवीची साथ आली. आबांना कार्ड मिळालं तेव्हा पोराला जाऊन दहावा दिवससुद्धा उलटून गेला होता. ते गावी गेले, मला आणि आईला घेऊन आले. त्यांनी पोराला निरोप दिला तेव्हा ते डब्याच्या दारात उभं राहून टोपी हलवत होतं, एवढंच त्यांनी पाहिलं होतं, आणि त्यानंतर काहीच पाहिलं नव्हतं. हापिसात जाऊन नाव कमी करा असं त्यांच्या तोंडून निघालं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता सोळा वर्षं गेली. आणि जुनं नाव कमी करायला गेल्याशिवाय नवं घालायला जाता येत नव्हतं, म्हणून माझंही राहिलं.

मला त्यांची कीव यायला हवी होती. तशी ती पुढे आली, फार पुढे, मला स्वतःला मुलं झाल्यावर. त्या दिवशी मला फक्त राग आला. सोळा वर्षं मी त्यांच्या फाटकावर राहिले, त्यांची निशाणं धुतली, कंदील भरले, आणि कागदावर मी नव्हतेच. मी म्हटलं, "माझं नाव न्हाई घातलं ते न्हाई. पर मला एकदा सांगायचं तरी हुतं." आबा म्हणाले, "काय सांगणार हुतो, पोरी?" आणि उठून गाडीसाठी फाटक लावायला गेले. मी दिवसभर घरात गेले नाही. रुळांच्या कडेनं आकुर्डीपर्यंत चालत गेले आणि तशीच परत आले. गाड्या गेल्या त्या बघितल्या नाहीत.

हमालानं एक युक्ती सुचवली. कागदात काय आहे ते त्याला स्टेशनवर कळलंच होतं. त्याचं म्हणणं, पासावरच्या नावाचा माणूस तोच का, हे कोण बघतो. गावाकडचा एखादा विशीतला भाचा सोबतीला घ्या, गणपत म्हणून बसवा, आणि पोरीचं एक तिकीट तेवढं काढा. लग्न तोंडावर आलंय, आता दुरुस्ती करत बसाल तर राहूनच जाईल. त्याच्या या शेवटच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. दुसरा पास वेळेत मिळेल याची खात्री कुणालाच नव्हती. मला ते पटायला लागलं होतं, हे मी आज कबूल करते. मला कसंही करून गाडीत बसायचं होतं. आबाही नको म्हणाले नाहीत. आईनं मात्र हमालाला पाणी दिलं, तो जाईपर्यंत थांबली आणि मग आम्हा दोघांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या पोराच्या जागेवर कुणी बसायचं न्हाई. तुमी पुण्याला जावा आणि काय हाय ते सांगून या. न्हाईतर मी येत न्हाई."

दोन दिवसांनी रात्रपाळीच्या माणसानं दिवसपाळीही धरली आणि आबा मला घेऊन पुण्याच्या हापिसात गेले. लेलेबाईंनी सांगितल्याप्रमाणे मी शाळेचा दाखला बरोबर घेतला होता. मोठा हॉल, उंच छत, दोरीनं बांधलेल्या कागदांचे ढीग. आमचा कारकून वयस्कर होता, चष्मा कपाळावर ठेवून बोलायचा. आबांनी पास पुढे केला आणि म्हणाले, पोरीचं नाव घालायचं हाय. त्यानं मोठं रजिस्टर काढलं, पान शोधलं. मग विचारलं, मुलाचं काय, नोकरीला लागला का? आबा म्हणाले, न्हाई. लग्न झालं का? न्हाई. मग शिकतो? आबांनी टोपी काढून हातात घेतली. मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं आपणच सांगून टाकावं आणि सुटावं. तोंड उघडलंही होतं.

"त्यो वारला," आबा म्हणाले.

"कधी?"

"हिच्या जल्माच्या वक्ताला."

कारकुनानं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आधी माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे. ओरडेल असं मला वाटलं होतं. त्यानं फक्त समोरचं स्टूल आबांकडे सरकवलं. आबा बसले नाहीत. मग तो आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, की मुलगा एकवीसचा झाला की त्याचं नाव पासातून आपोआप निघतं. वर्षभर आला नसतात तरी ते गेलंच असतं. हे त्यानं वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. पण आबांनी ते ऐकलं आणि त्यांची मान खाली गेली, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. एक वर्ष गप्प राहिले असते तर त्यांना हे कधीच बोलावं लागलं नसतं. ते माझ्यासाठी बोलले होते. कारकुनानं नाव विचारलं. आबा वच्छला म्हणाले, मी वत्सला म्हणाले, त्यानं दाखला बघून लिहिलं. मुलाचं नाव कमी करायला गावच्या पाटलाचा दाखला लागेल, तो आणा, मग नवा पास.

पाटलाचा दाखला पोस्टानं यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी काय केलं ते मला विचारू नका. हळद कांडली, गहू निवडले, मुहूर्ताच्या बांगड्या भरायला कासारीण येणार म्हणून हात घासले, आणि सगळा वेळ माझे कान पोस्टमनच्या सायकलीकडे होते. आई दशम्या करायची थांबली होती. दाखला आला तो आबांनी वाचायला कुणाला दिला नाही. कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि दुसऱ्या खेपेला एकटेच पुण्याला गेले. तिथे काय झालं, रजिस्टरातलं नाव त्यांच्यादेखत खोडलं की कसं, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. संध्याकाळी आले, पाय धुतले आणि नवा पास माझ्या हातात दिला. लग्न बारा दिवसांवर आलं होतं. बदली माणूस तीनच दिवसांचा मिळणार होता. दिल्ली आणि आग्रा मी माझ्या हातानं वहीतून काढून टाकले. दिल्ली पुढे पाहिली, साठी उलटल्यावर, चाकणच्या महिला मंडळाबरोबर, आणि तिथे माझे पाय फार दुखले एवढंच लक्षात आहे.

मुंबईचे ते तीन दिवस मला दर अर्ध्या तासाचे सांगता येतील, पण ते इथे सांगत नाही. आबा ट्रामच्या दांड्याला धरून उभेच राहायचे, जागा असली तरी. काचेआडचा एक चपटा मासा आईला चाकणच्या विहीणबाईंसारखा वाटला आणि ती इतकी हसली की पदर तोंडात धरावा लागला. चौपाटीवर तिनं लाटेत पाय घातले, पाणी चाखून बघितलं आणि म्हणाली, हे कुणी ढवळत न्हाई, तरी हलतंय. मी सारखी पुढे पळत होते. पुढचा रस्ता, पुढची ट्राम, पुढचं काय. ती दोघं मागे राहायची आणि मला थांबून त्यांची वाट बघावी लागायची, आणि त्याचीही मला चीड यायची.

तिसऱ्या दिवशी गेटवेजवळ तीन पायांच्या काळ्या पेटीचा एक फोटोवाला होता. कापडाआड डोकं घालायचा आणि थोड्या वेळात ओला फोटो हातात द्यायचा. आबांनी स्वतः होऊन फोटो काढायचा म्हटलं, तेव्हा मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आम्ही उभे राहिलो. आबा एका टोकाला, मी एका टोकाला, आई आमच्यामध्ये पण आबांपासून जरा दूर. फोटोवाल्यानं कापडातून डोकं बाहेर काढलं आणि हात हलवून म्हणाला, "मध्ये जागा का सोडली? अजून कुणी यायचंय का?"

आईनं आबांकडे बघितलं. मीही बघितलं. मागं पाणी आपटत होतं आणि कुणीतरी शेंगा विकत ओरडत होतं.

"न्हाई," आबा म्हणाले. "आमी तिघंच."

आईनं डोळे पुसले नाहीत, काही नाही. पदर खांद्यावर सारखा केला, आबांच्या जवळ सरकली आणि माझ्या दंडाला धरून मला जोरात आपल्याकडे ओढलं.